सगळ्यांचं मंदिर, मूर्ती मात्र एकाचीच?

हूजर_पुणेकर
परवा ब्लूमिंग्टनचं तिबेटी केंद्र पाहून आलो. इंडियानात चौदा वर्षं काढली, पण राहूनच गेलं होतं. झाडांना बांधलेल्या प्रार्थना-पताका उन्हानं इतक्या विटल्यात की निळी कुठली आणि हिरवी कुठली कळत नाही. दारात बूट काढून आत गेलो. समोर बुद्ध, पुढ्यात ओळीनं पाण्याच्या वाट्या, दलाई लामांचा फोटो.

आता माझा प्रश्न. हे चाम्त्से लिंग, म्हणजे करुणेचं क्षेत्र. दलाई लामांनी 2003 च्या सप्टेंबरात त्याचं लोकार्पण केलं ते सर्वधर्मीय मंदिर म्हणून. मुष्टियोद्धे मुहम्मद अलीही आले होते. मग बाकीचे धर्म गेले कुठे? आता तर नावाआधी 'कुंबुम' हे तिबेटातल्या मठाचं नाव लागून त्याचा मठ झालाय. बौद्ध मंदिर म्हणूनच बांधलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. 'सगळ्यांचं' म्हणायची हौस कशाला?

खडूस_काका
हौस फोटोची. त्याच आठवड्यात दलाई लामा अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांना भेटले, 11 सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये शांतीवर बोलले. इराकमध्ये फौजा घुसून तेव्हा सहा महिने झाले होते. चालू द्या.

डोंगरवाट
काका, जागा कुणाची तेही बघा की. हे केंद्र 1979 मध्ये काढलं थुब्तेन जिग्मे नोर्बूंनी. दलाई लामांचे थोरले भाऊ, इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. त्याआधी तिबेटातल्या कुंबुम मठाचे प्रमुख. 1950 मध्ये तिथून बाहेर पडावं लागलं. पुढे केंद्र सांभाळायला आले ते अर्जिया रिंपोछेही त्याच कुंबुमचे प्रमुख, 1998 मध्ये चीनमधून निसटलेले. ज्यांचा मठ हातचा गेला त्यांनी परक्या मुलखात चार भिंती उभ्या केल्या आणि दार उघडं ठेवलं. जेवायला बोलावलं म्हणून यजमानानं आपला देव्हारा झाकून ठेवायचा का?

आणि हे दोघे भाऊ काही एका सुरात बोलणारे नव्हते. नोर्बूंना तिबेटचं पूर्ण स्वातंत्र्यच हवं होतं, धाकट्यानं 'मध्यम मार्ग' धरला, म्हणजे चीनमध्येच राहून स्वायत्तता. तरी थोरल्याच्या अंगणात धाकटा पुन्हा पुन्हा आला: 1987, 1999 चा कालचक्र दीक्षाविधी, मग हे.

हूजर_पुणेकर
देव्हारा झाकू नका. पण आपल्या घराला धर्मशाळा म्हणून पाटीही लावू नका.

वर्धेची_पोर
मला तर भिंतींचंच काही कळत नाही. सेवाग्रामला सर्वधर्म प्रार्थना होते ती उघड्यावर. छप्पर नाही, मूर्ती नाही. खाली बारीक खडी, शेजारी बापूंनी लावलेला पिंपळ. थंडीत बूड गारठायचं, पण आजी हलू द्यायची नाही. सुरुवात कशानं होते सांगा बघू? 'नम्यो हो रेंगे क्यो'नं! फुजी गुरुजींचे जपानी बौद्ध भिक्षू डफ वाजवत आश्रमात राहिले, त्यांचा मंत्र तिथलाच झाला. मग ईशावास्य, कुराण, सगळं. मूर्ती ठेवली की ती कुणाची, हे भांडण आलंच.

निळी_पहाट
ताई, तुमच्या आजीबद्दल आदर आहे. पण 'सगळे धर्म सारखेच' हे आम्हाला नका ऐकवू. ज्याला धर्माच्या नावानं पाणवठ्यावरून हाकललं, त्याला ते फार लागतं. माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात होते. 22 प्रतिज्ञांत आधीचा धर्म सोडल्याचं स्वच्छ लिहिलंय, आणि का सोडला तेही. तिबेटी लामांचे पुनर्जन्म शोधणं आम्हाला पटत नाही. तरी 2019 ला दलाई लामा औरंगाबादला आले तेव्हा घरातून सगळे गेलो. का? बुद्धासाठी. ब्लूमिंग्टनच्या मंदिरात बुद्ध आहे तर ते बुद्धाचं मंदिर म्हणा, लाज कसली? इथं हूजरशी सहमत.

डोंगरवाट
मग अलींनी काय करायचं होतं, बाहेर उभं राहायचं? व्हिएतनामच्या लढाईला नाही म्हणून ज्यानं अजिंक्यपद गमावलं, त्या मुसलमान माणसाला बुद्धापुढे यायला अडचण वाटली नाही. अडचण आपल्यालाच.

खडूस_काका
ते लुइव्हिलचे. शेजारच्या राज्यातून आले असतील. फार अर्थ काढू नका.

वर्धेची_पोर
हूजर, एक विचारू? बसलात का तिथे, की बघून निघालात?

हूजर_पुणेकर
दहा मिनिटं बसलो असेन. बायको गाडीत होती, इंजिन चालू.