जुनं आउटबोर्ड फुल थ्रॉटलला तापतंय, इंपेलर नवीन टाकला तरी

प्रश्न
बोटीचं आउटबोर्ड (मागे लटकवायचं इंजिन), 40 एचपी टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, बरंच जुनं मशीन आणि आयुष्यभर खाऱ्या पाण्यातच चाललेलं. आयडलला, हळू चालवताना काही त्रास नाही, पण फुल थ्रॉटल दिला की थोड्या वेळात बजर बोंबलतो, थ्रॉटल कमी केला की गप्प. इंपेलर (थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी पात्यांचं चाक) नवीन टाकलाय, पिचकारी (त्याच पाण्याची बाहेर पडणारी धार) पण जोरात येते. पाणी येतंय तर मग तापतंय कशाने? डायरेक्ट हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडू का?

खाडीवाला
पिचकारीवर जाऊ नका राव. बऱ्याच मशीनमध्ये ते पाणी हेडमधून फिरायच्या आधीच बाहेर निघतं, म्हणजे पंप चालतोय एवढंच कळतं, पाणी सगळीकडे पोचतंय असं नाही. आयडलला तापलं असतं तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद अडकलाय म्हटलं असतं. तुमचं उलटं आहे, तेव्हा आधी पॉपेट व्हॉल्व्ह बघा (असेल तर). स्पीडला पाण्याचा दाब वाढला की तो उघडून जास्त पाणी सोडतो, मिठाने जाम झाला की झालं कल्याण. खालची पाणी ओढायची जाळी पण बघाच, आणि मशीन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) उंच बसलं असेल तर स्पीडला पाण्याबरोबर हवा पण ओढतं.

टू-स्ट्रोकप्रेमी
जुना इंपेलर काढला तेव्हा पाती सगळी होती का?

प्रश्नकर्ता
नाही, दोन अर्धी तुटलेली होती. तुकडे शोधले नाहीत, मला वाटलं एक्झॉस्टमधून गेले असतील.

टू-स्ट्रोकप्रेमी
कसले जातायत, वरच अडकले असणार. थर्मोस्टॅट काढा, खालचा गिअरकेस (प्रोपेलरवाला भाग) उतरवा आणि दोन्हीकडून पाणी मारा, तुकडा सहसा पाणी वर नेणाऱ्या ट्यूबच्या वरच्या टोकाला किंवा ब्लॉकच्या तोंडाशी सापडतो. गिअरकेस परत चढवताना ट्यूब ग्रोमेटमध्ये (रबरी रिंगमध्ये) नीट बसली का बघा, नाहीतर निम्मं पाणी तिथेच गळतं. पंपाच्या खालच्या स्टीलच्या प्लेटवर खोल चरे असतील तर ती पण बदला, नवा इंपेलर तिच्यावर दाब धरत नाही.

खाडीवाला
थर्मोस्टॅट काढलाच आहे तर गरम पाण्यात टाकून बघा, आउटबोर्डचे साधारण 50 ते 60 डिग्रीला उघडतात, कारसारखे 80-90 ला नाही. आणि तो काढून तसंच चालवू नका, थंड मशीनमध्ये स्पार्क प्लग काळे पडतात. हेड मात्र सगळ्यात शेवटी, खाऱ्या पाण्यातले बोल्ट पटकन मोडतात. त्याआधी प्लग काढून बघा, एक जर धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर हेडखालचं गास्केट (सील) गेलंय, पाणी आत येतंय, मग हेड उघडण्यावाचून सुटका नाही.