पीएल/एसक्यूएलमधलं नवीन शिकायचंय, पण सुरुवात कुठून करू?

नाशिककर
नमस्कार मंडळी. मी ८ वर्षं ओरॅकल डेटाबेसच्या पीएल/एसक्यूएलवर (एसक्यूएल क्वेरींना लूप, अटी, फंक्शन्सची जोड देणारी भाषा) काम करतेय. आमचा डेटाबेस ११जी या जुन्या आवृत्तीवरून १९सी वर गेला त्याला आता दोन वर्षं होतील, पण कोड सगळा तसाच, कर्सर (क्वेरीच्या ओळी एकेक वाचायचं साधन) उघडायचा, लूप फिरवायचा, आत एकेक अपडेट आणि खाली व्हेन अदर्स देन नल, म्हणजे कुठलाही एरर आला तरी गिळून टाकायचा. मागच्या महिन्यात टीममधल्या नवीन मुलाने एका फंक्शनमध्ये प्रॅग्मा यूडीएफ टाकलं आणि मला ते काय असतं हेच माहीत नव्हतं, फार वाईट वाटलं. नवीन फीचर्सची यादी उघडली की ढीगभर गोष्टी दिसतात, वाचते आणि आठवड्यात विसरते. चालू कोडला हात लावायची भीती वाटते कारण महिनाअखेरची व्याजाची बॅच त्यावरच चालते, रात्री ४० मिनिटं घेते. कोर्स लावू का?

जुना डीबीए
ताई, कोर्स आत्ता नको. ती व्याजाची बॅचच घ्या, टेस्टवर कॉपी करून. याद्या वाचून डोक्यात राहत नाही, आपलाच दुखणारा कोड दुरुस्त करताना जे वापरलं ते राहतं.

मुळात पीएल/एसक्यूएलचं इंजिन वेगळं आणि एसक्यूएलचं वेगळं, लूपमधला प्रत्येक अपडेट म्हणजे या इंजिनातून त्या इंजिनात एक फेरी, कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात तो हाच. २ लाख खाती असतील तर २ लाख फेऱ्या. फॉरऑल हेच काम गठ्ठ्याने करतं. आणि हे नवीन नाही बरं का, बल्क कलेक्ट (ओळी गठ्ठ्याने वाचणं) आणि फॉरऑल ८आय आवृत्तीपासून आहेत, म्हणजे १९९९ पासून! त्यामुळे १९सी चं सगळं आलं पाहिजे हे दडपण आधी काढून टाका. आणि त्याही आधी बघा की सगळं व्याज एकाच अपडेटमध्ये किंवा मर्जमध्ये (ओळ असेल तर बदल, नसेल तर घाल) बसतंय का. बसत असेल तर लूपच नको.

बल्क कलेक्टला लिमिट (एका वेळी किती ओळी आणायच्या) लावा, १०० ते ५०० पुरे, नाहीतर सगळ्या ओळी एकदम मेमरीत येतात. फेच झाल्या झाल्या एक्झिट व्हेन नॉटफाउंड (ओळी संपल्या की लूपमधून बाहेर पड) मात्र लिहू नका, शेवटचा गठ्ठा लिमिटपेक्षा लहान असला की ते आधीच खरं होतं आणि शेवटच्या ३७ खात्यांना व्याजच लागत नाही. कलेक्शनचा (आणलेल्या ओळी जिथे ठेवल्या त्या यादीचा) काउंट ० झाला का ते तपासून बाहेर पडा. जिथे कर्सर फॉर लूप नुसता वाचतोय तिथे वेळ घालवू नका, १०जी पासून कंपायलर आपणहून १००-१०० ओळी उचलतो.

रात्रपाळी
वरचं सगळं बरोबर पण मी पहिलं ते व्हेन अदर्स देन नल काढेन, माझ्या तीन रात्री त्यात गेल्यात. डीबीएमएस युटिलिटी या तयार पॅकेजचं फॉरमॅट एरर बॅकट्रेस लॉगमध्ये टाका, नेमका लाईन नंबर मिळतो. सेशनला पीएलएसक्यूएल वॉर्निंग्ज एनेबल ऑल करून पॅकेज परत कंपाइल करा, असे रेझ नसलेले (एरर पुढे न पाठवणारे) हँडलर कंपायलरच दाखवून देतो.

प्रॅग्मा यूडीएफ १२सी मध्ये आलं. फंक्शन मुख्यतः सिलेक्टमधूनच वापरणार असं कंपायलरला सांगायचं, मग फेरीचा खर्च कमी होतो. एकच ओळ आहे, उद्या करून बघा. पण फंक्शन सिलेक्टमधून चालताना आत नो डेटा फाउंड (ओळच सापडली नाही) आलं तर एरर येतच नाही, गुपचूप नल मिळतो. व्याजदर काढायचं फंक्शन असेल तर हे नक्की तपासा.

सातारी
नावं मराठीत ठेवता का? आमच्याकडे एका गटातल्या सभासदांची नावं लिस्टॅगने (अनेक ओळींची मूल्यं एका ओळीत आणणारं फंक्शन) जोडायचो आणि रिपोर्ट पडायचा. युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा वेगळी, त्यामुळे ४००० बाइटची मर्यादा इंग्रजीपेक्षा कितीतरी लवकर येते. १२.२ पासून लिस्टॅगमध्ये ऑन ओव्हरफ्लो ट्रंकेट लिहिता येतं, रिपोर्ट पडत नाही आणि किती नावं गळली तो आकडा पण येतो. हे मी पाठ केलं नाही, रिपोर्ट पडला म्हणून शोधलं.

घरी सरावाला २३एआय ची (आता नाव २६एआय) फ्री आवृत्ती डॉकरवर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय) टाका, २ जीबी रॅम आणि १२ जीबी डेटाची मर्यादा आहे, शिकायला भरपूर. फक्त फ्रॉम ड्युअल (ड्युअल म्हणजे ओरॅकलचं एका ओळीचं नावापुरतं टेबल) न लिहिता सिलेक्ट किंवा टेबलमध्ये बूलियन (खरं/खोटं) कॉलम असलं घरी चाललं तरी ऑफिसच्या १९सी वर चालणार नाही. लूपमध्ये स्टेप द्यायची सोय पण २१सी ची. क्वालिफाइड एक्स्प्रेशन्स (रेकॉर्ड किंवा कलेक्शनची मूल्यं एका झटक्यात भरणं) १८सी मध्ये आली, ती तुम्हाला चालतील. पीएल/एसक्यूएलच्या अधिकृत मॅन्युअलच्या सुरुवातीला त्या आवृत्तीत काय बदललं ते थोडक्यात असतं, १२ पासून १९ पर्यंत तेवढंच वाचा.

नाशिककर
खूप आभार सगळ्यांचे! शनिवारी टेस्टवर केलं. एका अपडेटमध्ये बसलं नाही कारण स्लॅबचे नियम फार आहेत, म्हणून फॉरऑल वापरलं, लिमिट ३००. ४० मिनिटांचं ६ मिनिटांवर आलं, दोनदा चालवून जुन्या निकालाशी एकेक खातं जुळवलं. आता सेव्ह एक्सेप्शन्स (मधे एरर आले तरी बाकीच्या ओळी चालू ठेवायच्या) लावलंय. ५ खाती चुकली हे कळतं पण कुठली ते कसं काढू? आणि एरर मेसेज भलताच येतोय.

जुना डीबीए
वा, जुळवून बघितलंत हे फार चांगलं केलंत. बल्क एक्सेप्शन्समध्ये (चुकलेल्या ओळींची यादी) एरर इंडेक्स असतो, तो म्हणजे फॉरऑलची कितवी फेरी, तोच नंबर तुमच्या कलेक्शनला दिला की खाते क्रमांक मिळेल. गठ्ठा बदलला की मोजणी परत १ पासून, म्हणून लॉगिंग त्याच गठ्ठ्यात उरका. आणि एरर कोड तिथे उणे चिन्हाशिवाय साठवलेला असतो, एसक्यूएलईआरआरएमला (कोडवरून एरर मेसेज देणारं फंक्शन) देताना पुढे उणे लावा.