मदत हवी आहे: हवेच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) कुठे होते?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीतली पोरं पुरात कृष्णेत शोधकार्याला उतरतो. आमच्याकडे पाणबुड्यांचे दोन स्टीलचे सिलिंडर आहेत, 200 बार दाबाचे. गळ्यावर शेवटच्या टेस्टची तारीख 2018 कोरलेली आहे. एक गॅसवाला म्हणाला, "टेस्ट राहू दे, ऑक्सिजन भरून देतो." सरळ नाही म्हणालो. हवेच्या बाटलीत ऑक्सिजन भरणं म्हणजे आगीशी खेळ, आणि आतून गंजलेली बाटली भरताना फुटली तर भरणारा माणूसच जातो.

पेसोची (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षेचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता असलेलं टेस्ट स्टेशन मिरज, कुपवाड एमआयडीसी किंवा कोल्हापूरला आहे का? की पुणंच गाठावं लागेल? टेस्टनंतर श्वासासाठीची कोरडी, तेलविरहित हवा कोण भरून देतं? टायरवाल्याचा कॉम्प्रेसर नको. व्हॉल्व्ह तेच तपासतात का, तेही सांगा. पावसाळ्याआधी काम उरकायचंय.