मदत हवी आहे : ईस्टर बेट ते सेंट हेलेना, अंतर आणि प्रवासाला लागणारा खरा वेळ

नमस्कार मंडळी,

पॅसिफिकमधलं ईस्टर बेट (माताव्हेरी विमानतळ) आणि दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना, दोन्ही एकाच प्रवासात बघायची फार इच्छा आहे. अंतर काढून देणारी संकेतस्थळं सांगतात, १०,५०० किमी आणि साडेबारा तास. पण थेट विमानच नाही, मग ते साडेबारा तास घेऊन करू काय?

मी जुळवलेला मार्ग : ईस्टर बेट–चिलीतलं सांतियागो (३,७५० किमी), तिथून साओ पाउलो (२,६००), मग जोहान्सबर्ग (७,४५०) आणि शेवटी सेंट हेलेना (३,७००). म्हणजे साडेसतरा हजार किमी! नुसतं हवेतच २३-२४ तास. यापेक्षा जवळचा रस्ता आहे का? जोहान्सबर्गला किती दिवस हाताशी ठेवू? आणि १०,५०० हा आकडा तरी बरोबर आहे का? नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा पार उत्तर चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटावरून जाते.

प्रतिसाद १
आकडा बरोबर आहे, पट्टी फसवते. गोलावरचं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावरून (पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून) मोजतात आणि ते इथे दक्षिणेकडे झुकतं, जवळजवळ सांतियागोच्या डोक्यावरून जातं. म्हणजे सांतियागोला उतरून तुमचं काहीच वाया जात नाही. खरा वळसा तिथून पुढे. सांतियागो ते सेंट हेलेना सरळ ६,७५० किमी, तुम्ही जाणार पावणेचौदा हजार. त्याला इलाज दिसत नाही, कारण सेंट हेलेनाची नियमित प्रवासी सेवा दक्षिण आफ्रिकेतून आहे. तुमचा मार्ग योग्यच आहे.

प्रतिसाद २
किलोमीटर विसरा, वार बघा. सेंट हेलेनाचं विमान बहुतेक काळ आठवड्यातून एकदाच असतं, ते चुकलं की आठवडा गेला. म्हणून आधी त्याची तारीख पक्की करा आणि बाकीची तिकिटं तिथून मागे मागे जुळवत या. जोहान्सबर्गला किमान दोन रात्री ठेवा, तिकिटं वेगवेगळी असतील तर तीन.

सेंट हेलेनाचा विमानतळ कड्यावर आहे, वाऱ्याचा त्रास मोठा. २०१६ मध्ये बांधून तयार असूनही नियमित विमान सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला, तो याच वाऱ्यामुळे. उतरता आलं नाही तर परत फिरण्याइतकं इंधन लागतं, म्हणून जाताना विमान नामिबियात थांबून इंधन भरतं. त्यामुळे शेवटचा टप्पा अंतराच्या मानाने लांबतो. परतीचाही एक दिवस मोकळा ठेवा.

आणखी एक : तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. ईस्टर बेटाचं घड्याळ सेंट हेलेनाच्या ५ ते ६ तास मागे असतं, ऋतूप्रमाणे. वजाबाकी करताना हे धरा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार! आता आधी सेंट हेलेनाची तारीख बघतो. केपटाऊनहूनही काही महिने विमान असतं असं वाचलंय. साओ पाउलोहून केपटाऊनमार्गे कुणी गेलं आहे का?