पहिला सिरीयस कॅमेरा: 60 हजारात नवा मिररलेस, की जुना डीएसएलआर आणि चांगली लेन्स?

सह्यभटका

आमच्या ट्रेक ग्रुपमधली पोरंपोरी हल्ली सारखी एकच गोष्ट विचारतात, दादा 60 हजार जमवलेत, कुठला मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेऊ? म्हणजे मिररलेस घ्यायचा हे आधीच ठरलेलं, फक्त मॉडेल विचारायचं. माझं मत वेगळंय आणि त्यावर इथे वाद घालायची तयारी आहे. बजेट 60 च्या आसपास असेल आणि व्हिडिओ नाही, फोटोच शिकायचे असतील, तर नीट वापरलेला जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घ्या, निकॉनचा डी7200 नाहीतर कॅननचा 80डी, आणि उरलेले सगळे पैसे लेन्सवर घाला.

का ते सांगतो. या बजेटात नवा मिररलेस म्हणजे बॉडी (नुसता कॅमेरा) आणि किट लेन्स (सोबत येणारी साधी लेन्स), तिथे पैसे संपले. कॅननचा आर50 घ्या उदाहरणाला. त्याच्यासोबत 18-45 एमएम लेन्स येते आणि ती झूम करून 45 ला नेली की एफ 6.3 होते (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी आत येतो). आता गणपतीत संध्याकाळची आरती चाललीय, समईचा आणि एका बल्बचा उजेड, आजीचा चेहरा टिपायचाय. त्या किटवर जिथे आयएसओ (उजेड कमी असताना वाढवायचा आकडा, वाढला की फोटो दाणेदार होतो) 6400 लागेल तिथे 50 एमएम एफ 1.8 वर 500 च्या आसपास भागतं, कारण उजेड बारापट आत येतो. या किमतीतला कुठलाही नवा सेन्सर हे अंतर भरून काढत नाही.

आणि जुना म्हणजे टाकाऊ नाही. डी7200 2015 चा, 80डी 2016 चा, दोन्ही 24 मेगापिक्सेल, आर50 सुद्धा 24 च. उलट या दोघांना दोन डायल आहेत, एकावर ॲपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं भोक, तो एफचा आकडा) एकावर शटर (उजेड किती वेळ घ्यायचा), बोटं आपोआप शिकतात. आर50 ला एकच डायल. शिकणाऱ्याला हे खूप महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

शटरवाला_कोल्हापूर

भावा, मी लग्नाची कामं करतो, डीएसएलआरवरच धंदा उभा केला, त्यामुळं त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. पण आज शून्यातून सुरू करणाऱ्याला तो घ्यायला सांगणं मला पटत नाही.

पहिली गोष्ट फोकस. तू एफ 1.8 ची लेन्स घे म्हणतोस, बरोबर आहे, पण डीएसएलआरमध्ये फोकस बघणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली बसलेला, आणि फोटो काढणारा वेगळा. दोघांच्यात जरा जरी फरक पडला की डोळ्यावर धरलेला फोकस कानावर जाऊन बसतो. नवशिक्याला कळतच नाही की चूक हाताची आहे का कॅमेऱ्याची. तो महिनोन्महिने स्वतःलाच दोष देत बसतो, माझ्याकडं शिकायला आलेल्या पोरांत हे लई बघितलंय. मिररलेसमध्ये फोकस मेन सेन्सरवरच होतो, ही भानगडच नाही. वर डोळा ओळखून धरतो. नवरीच्या मागं पळत पळत फोटो काढायचा असतो तेव्हा याची किंमत कळते.

दुसरी, व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. जास्त उजळला, काळा पडला, लगेच डोळ्याला समजतं. माझ्याकडची नवीन पोरं मिररलेसवर एक्सपोजर निम्म्या वेळात शिकली.

तिसरी, निकॉनचा शेवटचा नवा डीएसएलआर डी6, फेब्रुवारी 2020. कॅननचा 850डी, तो पण त्याच महिन्यात. त्यानंतर दोघांनीही सगळं लक्ष मिररलेसवर दिलं. नव्या माणसाला बंद होत चाललेल्या रस्त्यावर कशाला उभं करायचं?

सह्यभटका

@शटरवाला, फोकसचा मुद्दा खरा आहे आणि म्हणूनच मी डी3500, डी5600 किंवा 200डी असं काही सुचवलं नाही. डी7200 आणि 80डी मध्ये फोकसचं मागेपुढे लेन्सप्रमाणे दुरुस्त करायची सोय मेनूमध्येच असते, त्या स्वस्तातल्या बॉड्यांत नसते. टेबलावर पट्टी तिरकी ठेवायची, मधल्या आकड्यावर फोकस करायचा, कुठे शार्प येतंय बघायचं, एका दुपारचं काम आहे. शिवाय 80डी ला लाइव्ह व्ह्यू लावलात (म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढलात) की तो पण मेन सेन्सरवरच फोकस करतो, आणि चांगला करतो.

रस्ता बंद होतोय म्हणालात, पण लेन्स कुठे वाया जाते? कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स कॅननच्याच ॲडॉप्टरवर मिररलेस आर सिरीजला उत्तम चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्स (फोकसची मोटर लेन्समध्येच असते त्या) एफटीझेड ॲडॉप्टरवर मिररलेस झेड बॉडीला ऑटोफोकससकट चालतात. (जुन्या एएफ-डी लेन्स मात्र नाही, त्यांना बॉडीतली मोटर लागते आणि ती त्या ॲडॉप्टरमध्ये नाही. स्वस्त मिळाली म्हणून एएफ-डी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. डी7200 वर चालेल, उद्या झेड वर हाताने फोकस करावा लागेल.) तेव्हा आज लेन्समध्ये घातलेला पैसा तीन वर्षांनी बॉडी बदलली तरी सोबत येतो.

आणि बॅटरी! 80डी एका चार्जवर कंपनीच्या हिशोबाने 960 फोटो देतो. मिररलेसच्या स्वस्तातल्या मॉडेलांना साडेतीनशेच्या आसपास धरून चला. पहाटे चारला निघून हरिश्चंद्रगड चढायचा, कोकणकड्यावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी उतरायचं, तिथे चार्जिंग कुठून आणणार?

रत्नांग्रीकर

तुम्ही दोघं बॉडीवरून भांडताय, मी कोकणातून सांगतो, सेकंडहँडमध्ये खरा धोका लेन्सचा आहे. बुरशी. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, या पट्ट्यात दोन पावसाळे कपाटात पडून राहिलेली लेन्स बाहेरून नवीकोरी दिसते आणि आत कोळिष्टकं. धागाकर्त्याने सगळे पैसे जुन्या लेन्सवर घाला म्हणून सांगितलं पण तपासायची कशी ते सांगितलं नाही, ते आधी सांगायला हवं होतं.

लेन्स बॉडीवरून काढा. मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून सरळ नाही, तिरकं बघा, लेन्स हळूहळू फिरवत. बारीक धुळीचे कण असतील तर सोडून द्या, त्याने फोटोवर काही होत नाही. पण कडेकडेने धागे पसरलेले दिसले, किंवा काच धुरकट दिसली, तर कितीही स्वस्त असो हात लावू नका. साफ करून मिळते पण काचेवरचं कोटिंग एकदा खाल्लं गेलं की ते परत येत नाही. मग ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आलंय का बघा.

बॉडीचं म्हणाल तर एफ 16 ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. शटर काउंट (शटर आतापर्यंत किती वेळा उघडलं तो आकडा) निकॉनच्या जेपीजीमध्ये लिहिलेला असतो, फोटो ताबडतोब तपासता येतो. कॅननच्या बहुतेक बॉड्यांत तो फोटोत नसतो, केबल जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. डी7200 चं शटर कंपनीने दीड लाखांपर्यंत टेस्ट केलंय, 80डी चं एक लाख. लग्नाच्या फोटोग्राफरने विकायला काढलेली बॉडी असेल तर हा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका (शटरवाले राग मानू नका).

आणि नवं घ्या की जुनं, घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा) हे बजेटमध्ये धरा. आतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवायची. कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवून बॅग कपाटात टाकणं हे बुरशीला आमंत्रण.

शटरवाला_कोल्हापूर

राग कशाला, रत्नांग्रीकर बरोबर बोलले. पण बघा, एवढं सगळं तपासायला ज्याला येतं तो नवशिका आहे का? मी हेच म्हणतोय. नवीन घेतला की दोन वर्ष डोक्याला ताप नाही, बिल आहे वॉरंटी आहे. फक्त बिल पक्कं घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे ना बघा, मुंबईच्या बोरा बाजारात काय किंवा ऑनलाइन काय, भाव फारच कमी सांगितला तर तो बाहेरून आलेला पीस असू शकतो, मग दुरुस्तीला कोण दारात उभं करत नाही.

पिक्सेल_पुणेरी

मला कळत नाही, 2 वर्षं फोनवर फोटो काढा ना आधी. फ्रेम, उजेड, क्षण हे फोनवरही शिकता येतं. बऱ्याच लोकांचे कॅमेरे काही महिन्यांत कपाटात जातात. ज्याला फोनवर चांगला फोटो काढता येत नाही त्याला 80डी देऊन येणार नाही.

सह्यभटका

@पिक्सेल, फ्रेम शिकता येते, मान्य. पण शटर स्पीडचं काय? दिवे घाटातून पालखी चढतेय, पाऊस लागलाय, टाळकऱ्यांचे हात हलते ठेवून चेहरा स्थिर ठेवायचा तर 1/15 का 1/30 हे स्वतः ठरवावं लागतं, फोन ते आपल्यासाठी ठरवून मोकळा होतो आणि सगळं एकसारखं गुळगुळीत करतो. कॅमेऱ्यावर चुकलं तर का चुकलं ते आकड्यांत दिसतं. आणि ताडोबात सफारीला फोन नेऊच देत नाहीत, तिथे काय करणार?

मुग्धा_नाशिक

मी नवीन आहे, मोठ्यांच्या वादात पडतेय पण मला खरंच घ्यायचाय म्हणून विचारते. मी नाशिकला असते, पक्षी बघते, नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात जमेल तेव्हा जाते. दुर्बिणीतून दिसतात ते फोनवर ठिपक्याएवढे येतात. ट्यूशनचे पैसे साठवून 55 हजार झालेत. घरचे म्हणतात नवीनच घे, जुनं घेऊन फसशील. वर जे आरती, लग्न वगैरे लिहिलंय त्यातलं मला फार नकोय. पक्ष्यांसाठी दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि कॅननचा आर100 नवीन माझ्या बजेटमध्ये बसतोय, तो घेऊ का?

शटरवाला_कोल्हापूर

ताई, आर100 नको. मी मिररलेसच्या बाजूचा आहे तरी सांगतो नको. स्क्रीन वळत नाही, टचपण नाही, आणि मुख्य म्हणजे तो माणसाचा चेहरा, डोळा ओळखतो, पक्षी ओळखत नाही. आर50 आणि आर10 पक्षी ओळखतात. तुम्हाला आर50 च घ्यायला पाहिजे, थोडं थांबून, थोडे पैसे घालून. फांद्यांच्या जाळीत बसलेला खंड्या असला तरी कॅमेरा बरेचदा त्याचा डोळा पकडतो. जुन्या डीएसएलआरवर फोकस पुढच्या काडीवर जातो, हे पक्षीवाले स्वतः सांगतात.

रानपाखरू

मी पक्षीवाला, मलाच सांगू द्या. सिंहगडच्या दरीत आणि भिगवणला वर्षानुवर्षं डीएसएलआर घेऊन बसलोय, आता मिररलेस वापरतो. शटरवाल्यांचं फोकसबद्दल शंभर टक्के खरं आहे. उडत्या पक्ष्याला तर फरक जमीन-अस्मानाचा आहे.

पण मुग्धाताई, 55 हजारात आर50 घेतला की लेन्स कुठली? 18-45 वर तुमचा फ्लेमिंगो पुन्हा ठिपकाच. त्याची 55-210 वेगळी घ्यावी लागेल, ती 210 ला एफ 7.1 आहे, सकाळी सातच्या उजेडात आयएसओ चढत जातो. पक्ष्यांना हवी ती लांबी, आणि लांबी लेन्स देते, ओळख कितीही हुशार असली तरी फ्रेममध्ये पक्षीच बारका असेल तर ती काय धरणार? जुना 80डी आणि 55-250 एसटीएम हे तुमच्या पैशात येऊन वर उरतील. 250 म्हणजे कॅननच्या क्रॉपवर (छोट्या सेन्सरवर) 400 चा आवाका, एफ 5.6, वजन पावणेचारशे ग्रॅम, दिवसभर गळ्यात घालून फिरता येतं. नांदूर मध्यमेश्वरला मनोरे आणि लपून बसायच्या जागा आहेत, तिथून बरंच काही टप्प्यात येतं. काडीवर फोकस जातो त्याला मधला एकच पॉइंट निवडा आणि फोकस मागच्या बटणावर घ्या, शटरच्या बटणावरून काढून टाका. उडत्याला 1/1600 च्या खाली जाऊ नका. आठ दिवसांत सवय होते. उरलेले पैसे ठेवून द्या, पुढे सिग्माची कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची 150-600 जुनी मिळाली तर घ्या, ती दोन किलोच्या आसपास आहे हे लक्षात घेऊन.

शटरवाला_कोल्हापूर

लांबीचं पटलं. पण मग पुढच्या वर्षी बॉडी बदलायला लागणारच, तेव्हा 80डी ला काय भाव येणार? दरवर्षी पडतोय. दोनदा खर्च झाला की नाही?

सह्यभटका

जुन्याचा भाव आधीच पडून गेलाय, आता आणखी किती पडणार? नवा आर50 डब्यातून काढला की पहिल्या वर्षात जो भाव उतरतो तो मुग्धाच्या खिशातून जाणार, 80डी चा तो भाग पहिल्या मालकाने कधीच भरलाय. आणि ईएफ-एस 55-250 तिला उद्या आर10 वर ॲडॉप्टर लावून तशीच वापरता येईल.

मुग्धा_नाशिक

एक 80डी बघायला मिळतोय रविवारी, 55-250 सोबत, मालक हौशी आहेत, लग्नाची कामं नाही करत. बुरशीचं वरचं वाचून ठेवलंय. अजून काय बघू? आणि शटरवाले दादा, तुम्ही घेऊ नको म्हणाल का अजून?

शटरवाला_कोल्हापूर

माझं मत बदललं नाही ताई, माझ्या बहिणीला मी आर50 च घेऊन दिला असता आणि लेन्ससाठी थांब म्हणालो असतो. पण तुम्ही जाताय तर नीट बघून घ्या. लेन्स 250 ला नेऊन लांबच्या पाटीवर फोकस करा, दहा फोटो, आधी व्ह्यूफाइंडरमधून आणि मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये. दोन्ही झूम करून शेजारी शेजारी बघा. व्ह्यूफाइंडरचे सारखे मऊ येत असतील आणि लाइव्ह व्ह्यूचे शार्प, तर फोकस सरकलाय, दुरुस्त होतो पण भाव त्या हिशोबानं पाडून मागा. लेन्सचं स्थिरीकरण (हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय) चालू-बंद करून 1/30 ला काढून बघा. स्क्रीन पूर्ण फिरवा, वायर सैल असली तर फिरवताना काळी होते. कार्ड स्वतःचं न्या, फोटो घरी आणून मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच पैसे द्या. मालक थांबायला तयार नसेल तर उठून या, 80डी बाजारात भरपूर आहेत.