मदत हवी आहे: ४-४-२ मध्ये बॉल जिंकतो, पण काउंटर होत नाही

प्रश्न
१७ वर्षांखालील मुलांचा संघ आहे. बॉल धरून खेळण्याइतकं पासिंग पक्कं नाही, पण दोन पोरं वाऱ्यासारखी पळतात. म्हणून २०१५-१६ ला इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकलेल्या लेस्टर सिटीसारखी मांडणी केली: ४-४-२ (चार बचावपटू, चार मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड), बचाव खाली, बॉल मिळाला की थेट पुढे, म्हणजे काउंटर. बचाव जमतोय. पण बॉल हिसकावला की पहिला नाहीतर दुसरा पास हमखास चुकतो आणि समोरचे पुन्हा आपल्या बॉक्सपाशी. दोन्ही फॉरवर्ड बचावाला मागे येतात. साठाव्या मिनिटापर्यंत दोन्ही विंगर (कडेचे मिडफिल्डर) गळून जातात. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
दोन्ही फॉरवर्ड मागे येतात, तिथेच घोळ आहे. बॉल जिंकला त्या क्षणी पुढे कोणी नसेल तर पास द्यायचा कुणाला? लेस्टरमध्ये ओकाझाकी मागे येऊन समोरच्या मिडफिल्डरला चिकटायचा, वार्डी वरच थांबायचा. एकाला वर ठेवलंत की समोरचे दोन्ही स्टॉपर (मधले बचावपटू) मागे अडकतात. त्याला स्टॉपर आणि फुलबॅक (कडेचा बचावपटू) यांच्यामधल्या फटीत उभा करा, आणि पास सुटेपर्यंत मध्यरेषेच्या आपल्या बाजूला. आपल्या अर्ध्या भागात असेल तर ऑफसाइड लागतच नाही.

बाकीच्यांचं अंतर मोजून बघा. मागची ओळ गोलपासून १८-२० मीटर, मधली तिच्यापुढे १०-१२ मीटर, रुंदी ३५-४० मीटर. पूर्ण ६८ मीटर झाकायला गेलात की मधोमध भगदाडं पडतात. बाजूने क्रॉस (कडेवरून बॉक्समध्ये मारलेला बॉल) येऊ द्या. लेस्टरला ते परवडायचं, कारण हूथ आणि मॉर्गन हे स्टॉपर हेडरने बॉल बाहेर काढायचे. तुमचे स्टॉपर हेडिंगला कच्चे असतील तर मात्र क्रॉस मारणाऱ्यावर फुलबॅकने जायलाच हवं.

प्रतिसाद २
वरचं पटलं, पण पास चुकतो त्याचं कारण वेगळंही आहे. बॉल हिसकावणाऱ्याच्या अंगावर लगेच दोघे धावून येतात, त्याला मान वर करायलाही वेळ नसतो. त्याच्याकडून लांब पासची अपेक्षा धरू नका. त्याने एका टचमध्ये तिरका, बाजूला किंवा मागे, मोकळ्या मिडफिल्डरला द्यावा. पुढचा पास या दुसऱ्याचा. लेस्टरच्या मधल्या जोडीत कान्तेने बॉल काढायचा, ड्रिंकवॉटरने लांब टाकायचा, ही वाटणी त्यासाठीच होती. पास फॉरवर्डच्या पायात नको, धावेच्या पुढे हवा. पाठ गोलकडे असली की स्टॉपर मागून दाबतोच.

२८ नोव्हेंबर २०१५ चा मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा गोल मुलांना दाखवा. कॉर्नर युनायटेडचा होता. लेस्टरचा गोलकीपर श्मायकलने बॉल हवेतच पकडला आणि लगेच फुलबॅक फुक्सकडे फेकला. फुक्सने पास द्यायची घाई केली नाही. तो बॉल घेऊन पुढे धावला, वार्डीची धाव सुरू झाली तेव्हाच बचावाच्या मागे बॉल सरकवला. वार्डीचा सलग अकराव्या लीग सामन्यातला गोल, आणि त्यात लेस्टरची तीनच माणसं! तुमच्या गोलकीपरलाही सांगा: बॉल हातात आला की आधी लांब बघ. तसाही आता हातात बॉल ८ सेकंदच धरता येतो.

प्रश्नकर्ता
आणि विंगरांचं?

प्रतिसाद १
दोघांना एकदम पळवू नका. बॉल ज्या बाजूला, त्या बाजूचा विंगर काउंटरमध्ये. दुसऱ्याने आत सरकून मिडफिल्ड भरायचं. ऑलब्रायटन मागे जास्त राबायचा, माहरेझला मोकळीक असायची. ओकाझाकीलाही बऱ्याचदा तासाभराने बदलत. तुम्हीही ६० व्या मिनिटाचा बदल आधीच ठरवून ठेवा.

प्रतिसाद ३
सरावासाठी: अर्ध्यापेक्षा थोडं जास्त मैदान. आठ जण हल्ला करतील, गोलकीपर आणि सहा जण बचाव. बचाववाल्यांचा एक फॉरवर्ड मध्यरेषेवर, त्याच्यासमोर दोन स्टॉपर आणि गोल. बॉल जिंकल्यापासून १० सेकंदांत शॉट झाला तर गुण. ४ मिनिटांचे चार डाव, मध्ये पूर्ण २ मिनिटं विश्रांती. दमलेल्या पायांनी वेगाचा सराव होत नाही.

यातही एक गोष्ट बिघडते. गुणांच्या नादात मुलं वाट नसतानाही बॉल पुढे भिरकावतात. म्हणून पुढे रस्ता बंद असताना सलग पाच पास केले तर त्यालाही गुण द्या. आणि काउंटरला चारपेक्षा जास्त जण सोडू नका, नाहीतर तो फसला की उलटा काउंटर तुमच्यावर येईल.

प्रश्नकर्ता
पाच पासांचा नियम डोक्यात आलाच नव्हता. मंगळवारच्या सरावात फॉरवर्डची जागा आणि हा खेळ, दोनच गोष्टी घेतो.