मदत हवी आहे: लातुरात हीट पंप बसवायचाय, कोटेशन मात्र समुद्रकिनाऱ्याचं आलंय

नमस्कार मंडळी. मी लातूरचा, औसा रोडला राहतो. घरात आम्ही सात माणसं. त्यात आई ७८ वर्षांची, तिला बारा महिने कोमट पाणी लागतं. गच्चीवरचा सोलर वॉटर हीटर पार कामातून गेलाय. नळ्या उपसल्या तर आत क्षाराची पांढरी पापडी आणि टाकीच्या तळाला चुन्याचा चुरा. अ‍ॅसिड मारून झालं, तरी पाणी काही तापत नाही.

अशात रत्नागिरीच्या साडूभाऊंनी हीट पंपाचं डोक्यात भरवलं. त्यांचं घर समुद्राला लागूनच आहे. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून सोलरचा उपयोग नव्हता आणि गिझरच्या बिलाला कंटाळले होते. हीट पंप बसवला आणि सध्या खुशीत आहेत. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्रीज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसं हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. हवा उबदार असेल तर एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते.

इथल्या एका विक्रेत्याकडून कोटेशन घेतलं. ३०० लिटरची टाकी, पंख्याच्या जाळीवर 'कोस्टल कोटिंग', स्टेनलेस स्टीलचा स्टँड आणि खाऱ्या हवेसाठी म्हणून खास नटबोल्ट. आकडा लाखाच्या बराच पुढे. मी विचारलं, हे कोस्टल कशाला? तर म्हणे, "साहेब, एकदाच करून टाका, पुढं कटकट नको." अहो, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव आमचं! समुद्र तीनशे किलोमीटरच्याही पलीकडे. खारं वारं येणार कुठून?

साडूभाऊंकडे गोष्ट वेगळी. त्यांच्या जुन्या एसीची बाहेरची जाळी मी स्वतः पाहिली आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या बोट लावलं की पिठासारख्या गळत होत्या. तांब्याची नळी, तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि वरून मिठाची ओल, म्हणजे पट्टी खाल्ली जाणारच. त्यांनी कोटिंगला पैसे मोजले ते बरोबरच केलं.

माझी शंका अशी की आमच्याकडे मीठ वाऱ्यात नसून बोअरच्या पाण्यात आहे. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. आंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. पाणी तपासून घेतलं. एकूण कठीणपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ११०० च्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. कागदावर आम्ही 'चालवून घेण्यात' बसतो. पण ४८० चं २०० लिटर पाणी रोज टाकीतून गेलं तर रोज ९६ ग्रॅम क्षार आत-बाहेर होतो. सगळा बसत नाही हे मान्य, पण पाणी तापलं की बसतो तो तिथंच, नेमका तापणाऱ्या जागी.

तर जाणकारांनी सांगावं: असल्या पाण्यावर हीट पंप टिकतो का? टाकी कुठल्या प्रकारची घ्यावी? सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) लावावाच लागेल का? आणि उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा यंत्राचं काय होतं? कुणी लातूर, नांदेड, परभणीकडं बसवला असेल तर त्यांचा अनुभव आधी हवा.

प्रतिसाद (नांदेडहून)

काका, आमच्याकडे आहे. कंपनी सोडा, आधी एकच विचारा: पाणी नेमकं कुठं तापतं? काही यंत्रांत पाणी पंपानं फिरवून बारीक फटींच्या प्लेटमधून नेतात. तुमच्या पाण्यात त्या फटी बुजायला वेळ लागणार नाही. काहींत तांब्याची कॉइल टाकीच्या आत बुडालेली असते, तिच्यावर पापडी धरते. तिसऱ्या प्रकारात गॅसची (फ्रीजमध्ये असतो तसल्या) नळी टाकीला बाहेरून गुंडाळलेली असते आणि पाण्याला अरुंद वाट कुठंच नसते. बोअरवाल्यांनी डोळे झाकून तिसरा प्रकार घ्यावा. खाली गाळ काढायचा व्हॉल्व्ह आणि हात जाईल एवढं झाकण असेल तर उत्तमच.

टाकी आतून काचेसारख्या मुलाम्याची असेल तर तिच्यात मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो. वर्षातून एकदा काढून बघा, बारीक झाला असेल तर बदला. 'स्टेनलेस आहे, काही होत नाही' असं कुणी सांगितलं तर ग्रेड विचारा. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर ३०४ ला बारीक भोकं पडतात, ३१६ त्या मानानं बरं.

प्रतिसाद (मूळ परभणी, सध्या मालवण)

दादा, कोटिंग आणि ते नटबोल्ट कोटेशनातून काढायला लावा. इथं मालवणात आम्ही कोटिंग असूनही जाळी अधूनमधून गोड्या पाण्यानं धुतो आणि यंत्र वाऱ्याच्या आडोशाला ठेवतो. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत गेलं की हा जाच पुष्कळ कमी होतो. लातुरात जाळीचा वैरी म्हणजे धूळ. हलक्या धारेनं धुवा, प्रेशरवाल्या पंपानं धुऊ नका, पट्ट्या वाकतात.

प्रतिसाद (नांदेडहून, परत)

एक राहिलं. ३०० लिटर कशाला? आपल्याकडं शॉवर पाव्हण्यांना दाखवायला, आंघोळ बादलीतच. १५० लिटर पाणी ५० अंशांवर ठेवलं आणि थंडीतलं २० अंशांचं पाणी मिसळलं, तर ४० अंशांचं २२५ लिटर होतं. म्हणजे १८ लिटरच्या बारा बादल्या. सात माणसांना पुरून उरतं. ५० च्या पुढं रोज तापवू नका, जितकं जास्त तापवाल तितका क्षार बसतो आणि बिलही चढतं. जंतूंसाठी म्हणून आठवड्यातून एकदा ६० पर्यंत नेलं की झालं.

आणि टायमर लावून दुपारी १२ ते ३ चालवा. जानेवारीत पहाटे हवा १०-१२ अंश असते, दुपारी २८ च्या आसपास. त्याच यंत्राला दुपारी बरीच कमी वीज लागते आणि चांगल्या टाकीत पाणी सकाळपर्यंत गरम राहतं. गच्चीवर सोलर पॅनल लावणार असाल तर तीच वेळ सोयीची. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या पॅनलला ७८,००० अनुदान आहे.

उन्हाळ्याचं म्हणाल तर बऱ्याच यंत्रांची हवेची कमाल मर्यादा ४३ च्या आसपास लिहिलेली असते, ती कागदावर बघून घ्या. पण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच हात भाजवतं, तेव्हा यंत्र बंद ठेवा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. हिशेब मांडला. १५० लिटर २० वरून ५० वर न्यायला गिझरला सव्वापाच युनिटं, हीट पंपाला पावणेदोन. दिवसाला साडेतीन युनिटं वाचली, तरी वर्षातले चार-पाच महिनेच खरा वापर. नुसत्या बिलाकडं पाहिलं तर पैसे फिटायला बरीच वर्षं लागतील. पण आईचं पाणी बारमाही आहे आणि आमची युनिटं महावितरणच्या ३०० च्या वरच्या टप्प्यात जातात, म्हणून घ्यावं असंच वाटतंय.

विक्रेत्याला फोन केला. तो म्हणतो कोटिंग कारखान्यातूनच येतं, काढलं तरी किंमत कमी होणार नाही. मग कोटेशनात वेगळी ओळ कशाला टाकली, त्यावर उत्तर नाही. कॉइल कुठली, तेही त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्याकडं जातोय.

अडकलंय ते सॉफ्टनरवर. त्यातलं रेझिन (कठीणपणा शोषणारे बारीक दाणे) मिठाच्या पाण्यानं धुवायचं, ते पाणी गटारात सोडायचं. एप्रिल-मे मध्ये बोअर तासभर चालून गाळ ओढू लागतं, तेव्हा धुवायला पाणी कुठून आणू? शिवाय रॉड मऊ पाण्यातही झिजतोच म्हणतात. त्यामुळं सॉफ्टनरशिवाय, फक्त ५० अंशांवर आणि महिन्याला गाळ काढून कुणी चालवतंय का? लातुरात टाकी उघडून साफ करून देणारा माणूस माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर इथं उघडा टाकू नका.